कंदफुलांचं बी : कोणतं पाकीट घ्यावं आणि कोणतं दुकानातच ठेवावं

पावसाळा तोंडावर आला की नाशिकच्या रोपवाटिकांत आणि ऑनलाइन दुकानांत कंदफुलांच्या बियांची पाकिटं दिसू लागतात. रेन लिली, ॲमरिलिस, कळलावी, फ्रीझिया, ट्यूलिप, डॅफोडिल. आत दहा-वीस बिया, वर झगझगीत फोटो आणि जवळपास प्रत्येकावर ‘बारमाही’, ‘काटक’, ‘सहज उगवणारे’ हे तीन शब्द. काही पाकिटांबाबत हे तिन्ही शब्द खरे आहेत. काहींबाबत, निदान नाशिकच्या हवेत, एकही खरा नाही. हे परीक्षण कुणा एका विक्रेत्याचं नाही, बाजारात मिळणाऱ्या प्रकारांचं आहे. कुठला प्रकार बियांपासून करण्यात अर्थ आहे, तो कसा करायचा आणि पैसे कुठे वाया जातात, एवढंच पाहायचं आहे.

आधी ‘काटक’ या शब्दाचं बघू. थंड देशांतल्या पाकिटावर काटक म्हणजे बर्फ सोसणारं झाड. आपल्याकडे कंद मरतो तो मुख्यतः दोन कारणांनी. एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या कुंडीत भाजून, नाहीतर जुलै-ऑगस्टमध्ये काळ्या मातीत पाणी धरून सडून. नाशिक शहरात वर्षाचा पाऊस साधारण ७०० मिलिमीटर, इगतपुरीकडे तो ३००० च्या वर जातो, म्हणजे एकाच जिल्ह्यात एकाच कंदाची तऱ्हा वेगवेगळी होते. तेव्हा काटक कोण, तर जो उन्हाळ्यात पानं टाकून मातीत स्वस्थ झोपतो आणि पहिल्या पावसाला उठतो तो.

बियांपासून कंद करणं या जिल्ह्याला नवं नाही. कांद्याचं उळं (बी) टाकायचं, रोप उपटून लावायचं, कांदा पोसायचा, हेच इथंही आहे. रेन लिलीची रोपं पहिल्या महिन्यात अगदी कांद्याच्या रोपासारखीच दिसतात, केसासारखी बारीक. फरक दोन. कांदा चार-पाच महिन्यांत पोसतो, फुलाच्या कंदाला एक ते सात वर्षं लागतात. आणि गेल्या वर्षीचं उळं शेतकरी जसं भरवशाचं मानत नाही, तसंच हे बी, उलट त्याहून नाजूक. ॲमरिलिस-रेन लिलीचं बी घरच्या तापमानाला काही महिन्यांतच जीव सोडायला लागतं. म्हणून पाकिटावर पहिली गोष्ट बघायची ती काढणीची तारीख. पॅकिंगची तारीख म्हणजे बी पाकिटात कधी भरलं एवढंच. काढणीची तारीख नसेल तर दुकानदाराला विचारा. त्यालाही सांगता येत नसेल तर ते बी जुनं आहे असं धरून चाला.

दुसरं, पाकीट पारदर्शक असेल तर बी डोळ्यांनी बघा. रेन लिलीचं बी काळं, चपटं, एका बाजूनं सरळ नि दुसरीकडून गोलसर. ॲमरिलिसचं बी कागदासारखं पातळ, काळं, मोठं. ट्यूलिपचं चपटं, तपकिरी, तिकोनी. डॅफोडिलचं गोल, काळं, चकचकीत. ट्यूलिप म्हणून मोहरीसारखे गोल दाणे आले असतील तर ते ट्यूलिप नाही, मग पाकिटावर काहीही छापलेलं असो. निळं ॲमरिलिस आणि एकाच पाकळीवर सात रंग असलेला ट्यूलिप ही जवळपास नेहमी संगणकावर रंगवलेली चित्रं असतात, अशा पाकिटांतून तसं फूल मिळत नाही.

रेन लिली : पाचपैकी पाच

नाशिकमध्ये पहिलं पाकीट घ्यायचं तर हेच. पिवळी रेन लिली घेतली तर अधिक चांगलं, कारण तिला जवळजवळ प्रत्येक फुलामागे बोंड धरतं आणि रोपं आईसारखीच निघतात. मोठ्या गुलाबी फुलांच्या जातीला मात्र आपल्याकडे क्वचितच बी धरतं, ती कंदानंच वाढवतात. म्हणून ‘गुलाबी रेन लिली, ५० बिया’ असं पाकीट स्वस्तात दिसलं तर थांबा आणि त्याऐवजी तिचे कंद घ्या.

पेरणी जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत. चार इंच खोल पसरट कुंडी किंवा जुना फळांचा क्रेट आतून गोणपाट लावून चालतो. बिया बोटभर अंतरानं पसरा, वर जेमतेम अर्धा सेंटिमीटर मिश्रण भुरभुरा, हातानं हलकेच दाबा. ताजं बी आठवड्यापासून तीन आठवड्यांत उगवतं, दहापैकी आठ-नऊ उगवायला हरकत नाही. तीन आठवडे उलटूनही चार-पाचच वर आली असतील तर दोष तुमच्या हाताचा नाही, बी जुनं होतं.

फूल पुढच्या पावसाळ्यात किंवा त्याच्या पुढच्या. उन्हाळ्यात कुंडी जवळजवळ कोरडी ठेवा, मग पहिल्या जोरदार पावसानंतर दोन-चार दिवसांत दांडे वर येतात. फूल गेल्यावर साधारण तीन-चार आठवड्यांत तीन कप्प्यांचं बोंड पिवळं पडतं नि तडकतं. तडकलं त्याच दिवशी बी काढलं नाही तर ते वाऱ्यानं शेजारच्या कुंडीत जातं. चहाच्या रिकाम्या पिशवीसारखी जाळीदार पिशवी दांड्याला सैल बांधून ठेवली तर पुढच्या वर्षी पाकीट विकत घ्यावंच लागत नाही.

ॲमरिलिस : पाचपैकी चार

एक गुण कापला तो वेळेसाठी. बी ते फूल तीन ते चार वर्षं. पण त्या बदल्यात मिळतं काय ते पाहा. संकरित ॲमरिलिसच्या वीस बियांतून वीस वेगळी झाडं येतात, एकाची पाकळी लाल, दुसरीची फिकट नारिंगी, तिसरीच्या पोटात पांढरी रेघ. म्हणूनच पाकिटावर ‘अमुक जातीचं बी’ असं छापलं असलं तरी ती जात तशीच मिळेल हे धरू नका. दुसरा मोठा फायदा रोगाचा. कंदातून कंदाकडे मोझॅकसारखे विषाणू हमखास जातात, पानांवर पिवळे पट्टे येतात आणि उपाय काही नसतो. बियांतून ते सहसा जात नाहीत. जुन्या नाशिकमधल्या वाड्यांपासून बंगल्यांपर्यंत पिढ्यान्‌पिढ्या वाटल्या गेलेल्या लाल लिलीच्या, म्हणजे ॲमरिलिसच्याच, पानांवर असे पट्टे दिसत असतील तर बियांपासून नवी सुरुवात करण्याला चांगलं कारण आहे.

बी उजेडासमोर धरून पाहा. काळ्या पापुद्र्याच्या मधोमध तांदळाच्या कणीएवढा फुगवटा दिसला तर आत जीव आहे. सगळं बी सारखंच पातळ नि चुरचुरीत असेल तर ते पोचट. शंभर बियांच्या पाकिटात निम्मं पोचट निघालं तर ते स्वस्त नव्हतंच. दर बीमागे पैसे मोजायचे ते भरलेल्या बियांवर.

उगवण्याची सगळ्यात खात्रीची पद्धत पाण्याची. वाटीत दोन बोटं पाणी घ्या, बिया त्यावर तरंगत सोडा, वाटी घरात उजेडात पण उन्हात नाही अशी ठेवा. दर दोन दिवसांनी पाणी बदला. दहा दिवसांपासून महिन्याभरात एकेका पापुद्र्यातून पांढरं मूळ खाली उतरतं. मूळ एक-दीड सेंटिमीटर झालं की मिश्रणात काडीनं भोक पाडून मूळ आत सोडायचं, पापुद्रा वरच ठेवायचा. पहिलं पान त्याच्या बगलेतून येतं आणि पापुद्रा बरेच दिवस पानाच्या टोकाला लटकत राहतो. तो ओढून काढू नका, रोप त्यातलं अन्न अजून खात असतं. पोचट बिया आठवड्यातच मऊ पडतात, त्या लगेच काढा, नाहीतर वाटीतलं सगळं पाणी बुरशीनं जातं.

नाशिकला ॲमरिलिस मार्च ते मे फुलतं, बोंड पिकायला चार ते सहा आठवडे, म्हणजे ताजं बी मेअखेर-जूनमध्ये हाती येतं. पेरायची वेळही तीच. म्हणून जानेवारीत विकायला आलेलं बी हे आदल्या उन्हाळ्याचं, हे लक्षात ठेवा. ओळखीत दोन वेगळ्या रंगांची झाडं फुललेली असतील तर एकाचे पिवळे परागकण दुसऱ्याच्या कुक्षीला (फुलातल्या मधल्या लांब दांड्याच्या टोकाला) लावा. कुक्षीची तीन टोकं उघडली की ती तयार असते. सकाळी दहाच्या आत, सलग दोन दिवस. पाकिटातल्या कुठल्याही बियांपेक्षा हे बी सरस.

रोपांबाबत एकच नियम पाळा आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो. पहिली दोन वर्षं त्यांना झोपवू नका. मोठ्या कंदाला हिवाळ्यात पाणी तोडतात ते ऐकून लोक रोपांचंही पाणी तोडतात आणि वाटाण्याएवढा कंद सुकून जातो. डिसेंबर-जानेवारीत पाणी कमी करा, बंद करू नका. पानं हिरवी राहिली तेवढा कंद पोसतो.

क्रायनम आणि फुटबॉल लिली : पाकिटात घेऊ नका

झाडं दोन्ही उत्तम. नाशिकच्या उन्हाळ्याला आणि पावसाळ्याला क्रायनमइतकं खंबीर कंदझाड दुसरं सापडणं कठीण. पण या दोघांचं बी मांसल असतं, वाळवलं की मेलं. प्लॅस्टिकच्या पाकिटात पंधरा दिवस प्रवास करून आलेलं फुटबॉल लिलीचं सुरकुतलेलं बी पेरण्यात अर्थ नाही. झाडावर लालभडक झालेलं फळ मिळालं तर गर धुऊन बी ओल्या मिश्रणावर नुसतं टेकवा, वर माती नको.

क्रायनमचं बी तर टेबलावर पाण्याशिवायही फुटतं. हिरवट, सुपारीहून मोठं, गाठीसारखं हे बी मातीवर ठेवलं की त्यातून एक जाडसर दांडी खाली मातीत शिरते आणि नवा कंद बियांखाली नाही, त्या दांडीच्या टोकाला दोन-तीन सेंटिमीटर खोल तयार होतो. पान बियांपासून थोडं बाजूला उगवतं. हे माहीत नसलं की माणूस बियांभोवती उकरून पाहतो आणि नेमका तो दांडा तुटतो. बी हिरवं नि टणक आहे तोवर हात लावू नका.

कळलावी : पाचपैकी तीन, आणि एक ताकीद

सह्याद्रीच्या कुंपणाकुंपणावर जुलै ते सप्टेंबर फुलणारी ही वेल, अग्निशिखा. इथलीच असल्यानं हवामानाचा प्रश्न नाही. प्रश्न उगवणीचा आहे. नारिंगी-लाल, गोल, टणक बी तीन आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत केव्हाही उगवतं, एकदम कधीच नाही. कोमट पाण्यात चोवीस तास भिजवा, मे-जूनमध्ये एक सेंटिमीटर खोल पेरा आणि ट्रे फेकायची घाई करू नका. पहिल्या वर्षी दोन-चार पानांचं रोपटं येऊन दिवाळीनंतर सुकतं. ते मेलेलं नसतं, खाली बोटाच्या पेराएवढा कंद असतो. त्याच कुंडीत कोरडा ठेवून पुढच्या जूनला पाणी सुरू करा. फूल तिसऱ्या वर्षी किंवा पुढे.

ताकीद अशी, की झाडाच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं, कंदात आणि बियांत विशेष. कंद रताळ्यासारखा दिसतो. लहान मुलं किंवा गुरं असलेल्या घरी ही वेल नको. ज्या पाकिटावर याचा एका शब्दानं उल्लेख नाही त्या विक्रेत्याला जरूर सांगा की तो छापायला हवा. आणि अंजनेरीच्या राखीव क्षेत्रातून किंवा कुठल्याही डोंगरावरून बी वा कंद उचलून आणू नका, तिथल्या वनस्पती आधीच संकटात आहेत.

ट्यूलिप, डॅफोडिल, फ्रीझिया, गुलछडी

ट्यूलिपचं बी नाशिकसाठी घेऊच नये. बी उगवायलाच दोन-तीन महिने २ ते ५ अंशांची ओली थंडी लागते. ती फ्रिजमध्ये देता येते. ओल्या टिश्यूत गुंडाळून डबीत दहा-बारा आठवडे ठेवलं की काही बिया फुटतातही. त्यानंतरचा प्रश्न सुटत नाही. त्या रोपाला लांबलचक थंड वसंत हवा असतो, आपल्याकडे मार्च उजाडला की पान करपतं आणि खाली तांदळाएवढा कंद उरतो. फुलापर्यंत जायला चार ते सात वर्षं, आणि प्रत्येक वर्षी पुन्हा थंडी. निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की बातमी होते, पण त्या दोन-चार रात्री असतात आणि दुपारी पुन्हा २७-२८ अंश. मोठ्या कंदालाही सलग १२ ते १६ आठवडे ९ अंशांच्या खाली लागतात. श्रीनगरचं ट्यूलिप उद्यानसुद्धा कंदांवर चालतं, बियांवर नाही. हौस असेल तर नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये आधीच थंडी दिलेले कंद आणा, एका मोसमाचं फूल म्हणून लावा. घरच्या फ्रिजमध्ये कंद ठेवणार असाल तर सफरचंद-केळ्यांपासून दूर, त्या फळांतून निघणाऱ्या वायूनं आतली कळी जळते.

डॅफोडिललाही हेच सगळं लागू. फ्रीझिया त्यातल्या त्यात जवळची. चोवीस तास भिजवून ऑक्टोबरअखेर सावलीत पेरलं तर महिना-दीड महिन्यात उगवते. मात्र मातीचं तापमान वीसच्या वर गेलं की रुसते. दिंडोरी-निफाडच्या मोकळ्या थंड मळ्यात करून पाहण्याजोगी, शहरातल्या सिमेंटच्या गच्चीवर नाही. गुलछडीचं बी फक्त एकेरी फुलाला धरतं आणि कंद इतका सहज मिळतो की बियांच्या भानगडीत पडायची गरज नाही.

मिश्रण आणि पहिलं वर्ष

दोन भाग कोकोपीट, एक भाग चाळलेलं गांडूळखत, एक भाग जाडी वाळू किंवा परलाइट. कोकोपीटची वीट भिजवल्यावर तीन वेळा पाणी बदलून पिळा. त्यातलं मीठ न धुता पेरलं तर पानांची टोकं तपकिरी होतात आणि लोक खत वाढवतात, म्हणजे आणखी जाळतात. बोअरचं पाणी जड असेल तर रोपांना पावसाचं साठवलेलं पाणी द्या. नुसती काळी माती नको. पाणी धरते, वाळली की भेगाळते आणि भेगेत कोवळी मुळं तुटतात.

भाजीच्या रोपांचे ९८ कप्प्यांचे प्रो-ट्रे इथं सहज मिळतात, पण या कामाला ते उथळ पडतात. कंदाची काही मुळं आकसून कंदाला स्वतःच खाली ओढत असतात. दीड इंचाच्या कप्प्यात कंद तळाला टेकतो नि वाकडा होतो. चार इंच खोली किमान. एकदा पेरलं की वर्षभर जागा बदलू नका.

पहिल्या सहा आठवड्यांत जीव जातो तो मर रोगानं. देठ मातीलगत पाणचट होतो नि रोप आडवं पडतं, अगदी कांद्याच्या वाफ्यात पडतं तसं. कारण जवळजवळ नेहमी एकच, वरचा थर सतत ओला. कुंडी बशीतल्या पाण्यात ठेवून खालून पाणी प्यायला द्या, वर जाड वाळूचा पातळ थर ठेवा, पावसाच्या थेट माऱ्यापासून आडोसा करा. लिटरभर पाण्यात पाच ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पेरतानाच दिलं तर मदत होते, मर लागल्यावर नाही.

दुसरं पान आल्यावर १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं विरघळणारं खत) लिटरला एक ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा. सप्टेंबरनंतर नत्र कमी करून पालाश वाढवा. द्राक्षबागेला वापरतात ते ०:०:५० कुठल्याही कृषी सेवा केंद्रात मिळतं, तेही लिटरला एक ग्रॅमच. सावली पहिल्या वर्षी ५० टक्के जाळीची, दुसऱ्या वर्षी सकाळचं ऊन.

अळी

जुलै ते ऑक्टोबर ॲमरिलिस, रेन लिली आणि कळलावी तिन्हींवर एकच संकट येतं. काळ्या अंगावर पांढरे नि तांबूस ठिपके असलेली लिलीची अळी. मोठी झाल्यावर ती दिसतेच, पण तोवर पान संपलेलं असतं आणि ती कंदाच्या मानेत शिरते. खरा उपाय त्याआधीचा. पान उलटं करून अंड्यांचा पुंजका शोधायचा आणि बोटानं पुसायचा. पानाच्या टोकाला पांढुरका, काच घासल्यासारखा पट्टा दिसला तर आत नुकत्याच फुटलेल्या अळ्या आहेत. ते टोक कापून साबणाच्या पाण्यात टाका. बारीक अळीवर बीटी (अळी मारणाऱ्या जिवाणूची) पावडर लिटरला एक-दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारून चालते. उन्हात तिचा असर उतरतो आणि बोटभर अळीला तिनं फारसं काही होत नाही.

बी मागवायचं तर जूनच्या पहिल्या पंधरवड्यात मागवा. एप्रिल-मेच्या कुरिअरच्या गाडीत तापलेलं बी येतं. हाती आल्या दिवशीच दहा बिया ओल्या टिश्यूत घालून किती उगवतात ते बघा. उरलेलं लगेच पेरता येत नसेल तर रेन लिली-ॲमरिलिसचं बी कागदी पाकिटात, सिलिका जेलसह बंद डब्यात, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात. डब्यावर जात आणि काढणीचा महिना पेन्सिलीनं लिहा. शाई ओलीत पसरते, पेन्सिल राहते.